एकतीस अंडी

१

सोमवारी सकाळी डासघरातला किझितो आला तेव्हा फुल्जेन्स अंगणात चटयांवर वाळत घातलेलं भात पायानं परतत होता. किझितो वडीलधाऱ्याला म्हणायचं तसं "शिकामू, म्झे" म्हणाला, उत्तराचं "मराहबा" ऐकायलाही थांबला नाही, आणि खिशातून एक चपटी डबी काढून त्यानं पुढे धरली.

डबीत ओल्या गाळणकागदाचा गोल तुकडा होता. अशा कागदावर एरवी मिरपूड सांडावी तशी अंडी असायची, हजारांनी. आज ती बोटांवर मोजता आली असती.

"एकतीस," किझितो म्हणाला. "तीनदा मोजली. तीनशे माद्यांच्या पिंजऱ्यातून एकतीस."

"गावठींची?"

"गावठींची असती तर धावत आलो असतो का? लाडक्यांची आहेत."

फुल्जेन्सनं डबी उन्हाकडे धरली. त्यानं स्वतः चौथ्यांदा मोजली. माणसाची डासांवर माया जडते हे सांगून कुणाला पटत नाही, म्हणून तो ते कधी कुणाला सांगायचा नाही. त्याच्या बायकोला, टेओडोराला, तेवढं माहीत होतं, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती.

नदीकाठच्या त्या संशोधन केंद्राच्या डासघरात दोन कुळं पाळली होती. एक गावठी, गेल्या वर्षी भातशेतातल्या माचांवरून पकडून आणलेलं. मच्छरदाण्या आणि शेतातली फवारणी यांच्यातच त्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. दुसरं लाडक्यांचं. ते फुल्जेन्सनं सव्वीस वर्षं वाढवलं होतं, आणि एवढ्या काळात त्याला डास मारायच्या कुठल्याही औषधाचा वाराही लागू दिला नव्हता. कुठलीही नवी मच्छरदाणी आली की आधी लाडक्यांवर तपासायची. त्याच बिथरल्या तर केंद्रात तपासायला उरतं काय?

"तुम्ही एप्रिलात निवृत्त झालात ना, तेव्हापासून सुरू झालंय," किझितो म्हणाला. "सगळे म्हणतात, म्हाताऱ्यासाठी झुरतायत."

फुल्जेन्सनं "काहीतरीच" म्हटलं खरं. पण खोटं कशाला बोला, त्याला ते मनातून आवडलं. निवृत्तीनंतर तीन महिने रोज सकाळी नऊ वाजले की त्याचा डावा हात उगाच खाजायचा. सव्वीस वर्षं त्याच वेळेला तो हात पिंजऱ्यात घालून डासांना रक्त पाजत आला होता.

"हसू नका, म्झे. डॉक्टरीणबाईंनी चोर पकडलाय. शुक्रवारी अथुमानीला घरी पाठवणार आहेत. पत्र तयार आहे."

"अथुमानीला? त्यानं काय केलं?"

"औषधाच्या खोलीतून विष आणून पिंजऱ्यांना लावतो म्हणे. आणि तो गाढव तोंडातून शब्द काढत नाही."

फुल्जेन्सनं पायाला चिकटलेलं भात झटकलं आणि चपला शोधल्या.

२

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर युस्टा फुल्जेन्सपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होत्या आणि हुशारीत मोठ्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग आपलं म्हणणं ठामपणे मांडलं.

"विष पाजलं असतं तर डास पटापट मेले असते, म्झे. इथे तसं नाही. माद्या जगतात, उडतात, चावतात. पण जी मादी ऐंशी अंडी घालायची ती दहा घालू लागली, आणि आता दहा माद्यांत मिळून एक. त्यातली निम्मी फुटत नाहीत. महिनाभर जगणारी बाराव्या दिवशी पाय वर करते. हा थेंब-थेंब मारा आहे. औषध इतकं थोडं की मारत नाही, फक्त संसार मोडतं."

"आजार नाही ना काही?"

"दोन्ही कुळांची अळ्यांची खोली एक, पाणी एक, किझितो घालतो ते खाणं एक. गावठी तर मजेत आहेत."

"आणि रक्त?"

"स्कोलास्टिका पाजते. तुमची जागा तिनेच घेतली. पहिला संशय तिच्यावरच आला. तिचं रक्त तपासलं, औषधगोळ्या विचारल्या. काही नाही. शिवाय तोच हात ती गावठींनाही देते. हातात दोष असता तर गावठी कशा फोफावल्या असत्या?"

मुद्दा बिनतोड होता. फुल्जेन्सनं चहाचा घोट घेतला.

"मग अथुमानीच का?"

"औषधाच्या खोलीत काम करणाऱ्यानं डासघरात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम तुम्हीच घातलात. तो गेले तीन महिने रोज दहा वाजता मागच्या दारानं आत जातो. दोघांनी पाहिलंय. का जातोस विचारलं तर जमिनीकडे बघतो." त्यांचा आवाज खाली आला. "मलाही बरं वाटत नाहीये, म्झे. पण हे कुळ मेलं तर आपलं दार बंद होईल. शुक्रवारपर्यंत दुसरं कारण दाखवा, मी पत्र फाडते."

"बुधवारी रक्त पाजायच्या वेळी मी आलो तर चालेल?"

"तुम्हाला कोण अडवणार?" डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "तुमच्याच लेकी आहेत."

३

अथुमानी औषधाच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. चाळिशीचा, दांडगा, मान खाली घातलेला. फुल्जेन्सनंच त्याला वीस वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं.

"काय रे, पिंजऱ्यात विष कालवतोस म्हणे?"

"तुम्हाला खरं वाटतं?"

"मला वाटून काय होतंय? दहा वाजता आत कशाला जातोस ते सांग."

अथुमानीनं चपलेनं जमिनीवर रेघ ओढली.

"कोट घालून जातोस?"

"कोट काढून, हात धुऊन जातो. तुमचा शिष्य आहे मी." तो थोडा चिडला, आणि ते फुल्जेन्सला बरं वाटलं. "आणि मी औषध नेलं असतं तर ते पिंजऱ्याच्या जाळीला लागलं असतं. डासाला औषध तोंडातून नाही, पायातून चढतं. जाळीवर बसतात सगळेच. मग सगळेच आजारी पडले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जाऊ द्या."

तेवढ्यात बाकाखाली ठेवलेल्या डब्याकडे फुल्जेन्सचं लक्ष गेलं. फडक्यात बांधलेल्या मांदाझी, गोड फुगीर पुऱ्यांसारख्या, गरम, तळणीचा वास अजून येत होता. अथुमानीनं डबा पायानं मागे सारला, पण उशीर झाला होता. एकट्या माणसाला सकाळी सहा मांदाझी लागत नाहीत.

"स्कोलासाठी?"

अथुमानीनं डब्यावरचं फडकं सारखं केलं. "ती उपाशी येते, म्झे. आई तळते, मी देतो. दारातच देतो. मी अजून एक शब्दही बोललेलो नाही तिच्याशी. तिचा नवरा..." तो थांबला. "गावात आधीच तिच्या नावानं कमी बोलतात का? मी नोकरी सोडीन, पण तिचं नाव डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर येऊ देणार नाही."

फुल्जेन्स त्याच्या शेजारी बसला. या वयात येऊन असं गप्प झुरणं बरं नव्हे, असं त्याला सांगायचं होतं. पण तो स्वतःच डासांसाठी झुरत होता, तेव्हा सांगणार कुठल्या तोंडानं?

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात रुतून बसली. सगळेच आजारी पडले असते, असं अथुमानी म्हणाला होता. मग कोण आजारी पडलं नव्हतं?

४

बुधवारी नऊला फुल्जेन्स डासघराच्या दारात उभा राहिला. दारावर त्याच्याच अक्षरातली पाटी होती, खडूची रेघ दर वर्षी नव्यानं गिरवलेली: रक्त देणाऱ्यानं आदल्या संध्याकाळपासून साबण, तेल, अत्तर लावू नये. डासांना वास खपत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आतली उबदार, ओलसर हवा नाकात गेली आणि त्याचे डोळे भरून आले. तो मुद्दाम पिंजऱ्यांकडे वाकला, म्हणजे कुणाला दिसायला नको.

लाडक्यांच्या पिंजऱ्यात माद्या विरळ झाल्या होत्या. नर मात्र होते, भरपूर, मिशांचे झुबके फुलवून जाळीला लटकलेले.

"नर मेले नाहीत?" त्यानं विचारलं.

"नरांना काय धाड भरलीय," किझितो म्हणाला. "साखरेच्या पाण्यावर मस्त जगतायत. बायकांचं मात्र काही खरं नाही. आमच्या गल्लीत उलटं आहे."

फुल्जेन्स हसला नाही. जाळी तीच, हवा तीच, साखरपाणी तेच. नर आणि मादी यांच्या जगण्यात फरक एकच: मादी रक्त पिते, नर पीत नाही. म्हणजे अथुमानी सुटला. जे काही येत होतं ते हाताबरोबर येत होतं.

पण तोच हात गावठींनाही जात होता, आणि गावठी मजेत होत्या. दोन्ही खरं, आणि दोन्ही एकत्र बसत नव्हतं.

"शिकामू, म्झे." स्कोला आत आली. तिशीतली, उंच, कंगाचं छापील वस्त्र अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, डोळ्यांखाली काळं. तिनं डावी बाही वर केली. "तुमच्यासमोर हात घालायचा म्हणजे परीक्षाच की."

"मराहबा. परीक्षा तुझी नाही, डासांची आहे. घाल."

तिनं गावठींच्या पिंजऱ्यात हात घातला. त्या तुटून पडल्या. पाच मिनिटांत पोटं लाल, तट्ट. स्कोलाला सवय झाली होती. ती दुसऱ्या हातानं केस सारखे करत राहिली.

मग लाडक्यांचा पिंजरा. फुल्जेन्सनं चष्मा लावला आणि नाक जाळीला टेकवलं.

माद्या आल्या. हातावर बसल्या. आणि लगेच एक उठली, पुन्हा बसली, मागचा पाय झटकला. दुसरीनं तसंच केलं. तिसरी सोंड टोचता टोचता थबकली, एक पाय दुसऱ्या पायावर घासला, आणि अर्ध्या पोटानं उडून गेली. तापलेल्या तव्यावर बसल्यासारख्या त्या सारख्या पाय उचलत होत्या.

"आता मी," फुल्जेन्स म्हणाला आणि लाडक्यांच्या दुसऱ्या पिंजऱ्यात त्यानं आपला हात घातला.

तीन महिन्यांचं उपाशीपण त्या हातालाच होतं जणू. माद्या आल्या, ऐसपैस बसल्या, एकीनंही पाय हलवला नाही. पोटभर प्यायल्या आणि जड होऊन तिथेच पेंगल्या.

"बघा, म्हटलं होतं ना," किझितो म्हणाला. "झुरत होत्या."

"गप रे," फुल्जेन्स म्हणाला. त्याला आनंद झाला होता आणि त्याच क्षणी भीतीही वाटली होती. अथुमानीचं वाक्य त्याच्या कानात घुमत होतं: औषध तोंडातून नाही, पायातून चढतं. रक्तात काही नव्हतं. जे होतं ते कातडीवर होतं. गावठींनी असलं औषध पिढ्यान्‌पिढ्या पचवलं होतं; एवढ्याशानं त्यांना काय होणार? लाडक्यांना मात्र वाराही सोसत नव्हता.

त्यानं स्कोलाच्या हाताकडे पाहिलं. हात स्वच्छ दिसत होता. साबण मात्र काल संध्याकाळपासून लागला नव्हता, कारण त्याची पाटी दारावर होती.

५

तो दुपारी तिच्या घरी गेला. किझितोला पाठवता आलं असतं, डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं असतं. पण पाटी ज्यानं लिहिली त्यानंच जायला हवं, असं त्याला वाटलं.

स्कोला दाराशी भात पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं स्टूल पुसलं.

"एक विचारतो," तो म्हणाला. "राग धरू नकोस. तू मच्छरदाणी अंगाला गुंडाळून झोपतेस का?"

"छे. छपराच्या वाशाला बांधलेली आहे, जुनी आहे. औषध कधीच उडालंय तिचं."

"घरात फवारा मारतेस?"

"माझ्या घरात कुठला फवारा? फवारणीवाला घरचाच होता, तोच गेला." ती हसली, पण ते हसणं ओठांपर्यंतच राहिलं.

तिचा नवरा मेल्किओर फवारणीच्या तुकडीत होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पाठीवर टाकी, हातात नळी, घराघरांच्या भिंती. दोन वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या ट्रकवर चढला. पहिले दोन महिने फोन आले. मग फोन बंद. कुणी म्हणे तिकडे दुसरी केली, कुणी म्हणे खाण ढासळली. स्कोला कुणालाच काही म्हणत नसे.

"स्कोला, त्याचे कपडे आहेत अजून?"

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "वाटून टाकायला तो मेला आहे का?"

"नाही. मी तसं म्हणालो नाही."

"सगळे तसंच म्हणतात. सासू म्हणते, चाळिसाव्या दिवसाचा विधी करून टाकू, कपडे भावांना देऊ, तूही मोकळी हो. मला नाही मोकळं व्हायचं."

"मी कपडे मागायला आलो नाही, पोरी." त्यानं स्टूल तिच्याजवळ सरकवलं. "तू रात्री काय घालून झोपतेस, एवढंच सांग. अथुमानीची नोकरी त्याच्यावर आहे."

रस्त्यावरून सायकलवर भाताची पोती गेली, मागून कोंबड्या दाणे टिपत गेल्या. मग ती उठली, आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली ती एक शर्ट घेऊन. फवारणीचा, जाड, निळा, लांब बाह्यांचा. खांद्यावर टाकीच्या पट्ट्यानं घासून पडलेली पांढुरकी रेघ होती.

"शेवटच्या दिवशी कामावरून आला, हा खुंटीला टाकला आणि दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढला. कामाचे कपडे कामावरच धुवायचे असतात ना, म्हणून मी कधी धुतला नाही. येईल तेव्हा नेईल, म्हटलं." तिनं शर्ट छातीशी धरला. "दिवसा पेटीत ठेवते. रात्री घालते. त्याचा वास आहे त्याला. धुतला तर जाईल."

फुल्जेन्सनं डोळे मिटले. सगळं जागेवर बसलं, आणि त्याला काडीचाही आनंद झाला नाही. दोन वर्षं ती रोज रात्री त्या शर्टात झोपत होती, आणि तेव्हा त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तो स्वतः निवृत्त झाला, तिच्याकडे हात द्यायचं काम आलं, आणि सकाळी साबण न लावता जायचा नियमही आला. इमानदार बाई, तिनं नियम पाळला. मेल्किओरच्या बाहीतलं औषध तिच्या हातावर, तिथून लाडक्यांच्या पायांत.

"मी केलंय हे?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं. डासघरात काम करणारी बाई होती ती.

"माझ्या पाटीनं केलंय," तो म्हणाला. "पण डॉक्टरीणबाई नुसत्या माझ्या शब्दावर पत्र फाडणार नाहीत. त्यांना शर्ट तपासावा लागेल."

"तपासावा म्हणजे?"

"तुकडा कापावा लागेल."

स्कोलानं शर्ट मागे घेतला. फुल्जेन्सनं हात पुढे केला नाही. त्यानं तिला सांगितलं की शुक्रवारी दहा वाजता औषधाच्या खोलीत परीक्षा करता येईल, ती आली तर. नाही आली तर तो तिचं नाव घेणार नाही. एवढं बोलून तो निघाला. आपण खरंच नाव घेणार नाही का, हे त्याला रस्ताभर ठरवता आलं नाही.

६

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टरीणबाईंच्या हातात लिफाफा होता. अथुमानी कोट काढून, घडी घालून उभा होता. किझितो दाराशी नखं खात होता. फुल्जेन्स घड्याळाकडे पाहत नव्हता, म्हणजे तो तेवढंच करत होता.

स्कोला आली. बगलेत प्लास्टिकची पिशवी.

"डॉक्टर, हा माझ्या नवऱ्याचा शर्ट," ती सरळ म्हणाली. "मी रात्री घालते. हात माझा, औषध याचं. अथुमानीभाऊंनी काही केलेलं नाही. ते मला सकाळी खायला आणून देतात, एवढाच त्यांचा गुन्हा."

अथुमानीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "अथुमानी, कोट घाला. कात्री घ्या."

कापण्याचं काम नियमानं त्याचंच होतं. त्यानं हातमोजे चढवले, शर्ट टेबलावर पसरला, आणि तो पसरताना त्याचे हात इतके हळू चालले की किझितोनंही तोंड फिरवलं. ज्या माणसामुळे स्कोलानं कधी त्याच्याकडे वर पाहिलं नव्हतं, त्याचा शर्ट होता तो.

"कुठून कापू?" त्यानं विचारलं.

"बाही घ्या. डावी." तिनं ओठ दाबले. "कॉलरला हात लावू नका."

त्यानं अख्खी बाही कापून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि काचेच्या दोन नळ्यांना आतून अस्तरासारखे लावले. एकीत वीस लाडक्या, दुसरीत वीस गावठी. मग सगळे बसले आणि वाट पाहू लागले. बाहेर गिरणीचा पट्टा धडधडत होता, कोंडा उडत होता.

वीस मिनिटांनी लाडक्यांतली पहिली खाली आली. पाय ताणून, भिंगरीसारखी एका जागी फिरत. मग दुसरी. चाळीस मिनिटांनी चौदा पाठीवर होत्या. शेजारच्या नळीत गावठी कापडावर निवांत बसल्या होत्या, घरच्या भिंतीवर बसावं तशा.

डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडे मोजलं, पुन्हा मोजलं, आणि लिफाफा उभा-आडवा फाडला. "अथुमानी, मी चुकले. माफ करा." मग त्या स्कोलाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "दोष कुणाचा नाही. पण रक्त पाजायचं असेल तर हा शर्ट घरात नको. किंवा साबणानं धुवावा लागेल, चांगला चार-पाच वेळा. ते नको असेल तर मी तुला कार्यालयात काम देते. तू सांगशील तसं."

स्कोला टेबलावरच्या शर्टाकडे पाहत होती. "औषध किती दिवस टिकतं कापडात?"

"न धुता, अंधाऱ्या पेटीत?" अथुमानी म्हणाला. "वर्षंच्या वर्षं."

"आणि माणसाचा वास?"

ते डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकांतही नसावं. फुल्जेन्सला मात्र ते ठाऊक होतं, आणि त्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"अकरा महिने," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"टेओडोराचे सगळे कपडे चाळिसाव्याला वाटले. एक कंगा मी लपवून ठेवली, उशीच्या अभ्र्यात. रोज वास घ्यायचो. रोज थोडा कमी. अकराव्या महिन्यात नुसतं कापड उरलं. मी पुष्कळ शोधला, पण नव्हता."

स्कोलानं बोटं मोजली नाहीत. तिला मोजायची गरज नव्हती. "मेल्किओरला जाऊन दोन वर्षं झाली."

"हो, पोरी."

"मग मी रोज रात्री कुशीत घेते ते काय?"

लाडक्यांतली पंधरावी खाली पडली.

स्कोला पुढे झाली. तिनं एकाच बाहीचा उरलेला शर्ट उचलला, कॉलर नाकाशी नेली आणि सगळ्यांसमोर लांब श्वास घेतला. तिचे खांदे हलले, पण आवाज आला नाही.

"औषधच आहे," ती शेवटी म्हणाली. "असू दे. तो आला ना, तर हाच वास अंगाला घेऊन येईल." तिनं शर्टाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि डोळे पुसून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला कार्यालयातलं काम द्या."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारपासून ये. आणि म्झे, एखादी नवी बाई तयार होईपर्यंत तुमचा हात लागेल आम्हाला."

तीन महिने फुल्जेन्स याच वाक्याची वाट पाहत होता. आता ते आलं तेव्हा त्याला नुसती मान डोलावता आली.

परीक्षेला वापरलेलं कापड जाळायचं असतं. भट्टी शेजारच्याच खोलीत होती, आणि अथुमानीनं वीस वर्षांत एकदाही हा नियम मोडला नव्हता. त्यानं नळ्यांतले तुकडे चिमट्यानं बाहेर काढले, एकावर एक ठेवले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. डॉक्टरीणबाई अचानक खिडकीबाहेरच्या गिरणीकडे पाहू लागल्या. अथुमानी स्कोलाजवळ गेला आणि मेल्किओरची बाही त्यानं तिच्या हातात ठेवली.